छपराची नोंद कोणत्या वहीत?

आपल्या कोणत्याही मराठी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांकडे डेड स्टॉक रजिस्टर मागा. बाके किती, खुर्च्या किती, नकाशे किती आणि त्यातले फाटके किती, घंटा पितळेची की लोखंडाची, सगळे त्यात लिहिलेले सापडेल. मोडक्या खुर्चीवरसुद्धा पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असतो. आता त्याच मुख्याध्यापकांना विचारा, वर्गावरचा पत्रा कसला आहे? कोणत्या साली घातला? त्यात ॲस्बेस्टॉस आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे कोणत्याच वहीत नाहीत. मुख्याध्यापक मान वर करून बघतील आणि म्हणतील, "सिमेंटचा पत्रा आहे की!"

दोष मुख्याध्यापकांचा नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यांना कधी विचारले नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याने सांगितले नाही, आणि शाळेच्या दारात मराठीसाठी उभे राहणाऱ्या आपण लोकांनीही वर बघितले नाही. सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला की आपण शिक्षकभरतीवर बोलतो, पटसंख्येवर बोलतो, कन्नड फलकावर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण ज्या छपराखाली आपली पोरे सात-सात वर्षे बसतात त्याबद्दल आपल्या एकाही निवेदनात एक ओळ असू नये, हे बरोबर नाही.

हे पत्रे आले कसे ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर ज्यांनी ते घातले त्यांच्यावर अन्याय होईल. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला कौलारू शाळेचे हाल वेगळे सांगायला नकोत. दरवर्षी शाकारणी, दरवर्षी कुजलेले वासे, आणि वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की शंभर कौलांचा चुरा. सिमेंटचा पत्रा स्वस्त, गंजत नाही, जस्ती पत्र्यासारखा तापत नाही आणि पावसात त्याखाली गुरुजींचा आवाज ऐकू येतो. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, श्रमदान करून हे पत्रे चढवले. त्यांनी काही पाप केले नाही. त्या काळी कोणी त्यांना सांगितले नव्हते की या पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पांढरे ॲस्बेस्टॉस असते, आणि सिमेंटला धरून ठेवते ते तेच.

ॲस्बेस्टॉस हे दगडातून निघणारे तंतू. डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात, हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच रुततात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात घातले आहे. फुप्फुसाचा कर्करोग, स्वरयंत्राचा, बीजांडकोशाचा, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. याशिवाय ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाऊन दम कायमचा लागणे. यातली मेख अशी की आजार लगेच होत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतो. तोवर माणूस कोठून कोठे गेलेला असतो. डॉक्टर विचारतात, विडी ओढत होता का? कुठल्या छपराचे काम केलेस, असे कोणी विचारत नाही. क्षयरोग म्हणून औषधे चालू होतात.

एक गोष्ट मात्र स्वच्छ लिहितो, कारण घबराट पसरवण्याचा माझा हेतू नाही. पत्रा धड आहे, त्याला कोणी हात लावत नाही, तोवर त्याखाली बसणाऱ्या पोराला धोका फार थोडा. तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. ते सुटतात केव्हा? पत्रा कापला, भोक पाडले, आपटला, फोडला, तारेच्या ब्रशने वरचे शेवाळ खरवडले, किंवा तीस-चाळीस पावसाळ्यांत वरचे सिमेंट झिजून गेले की. म्हणजे धोका आहे तो आपण त्या पत्र्याचे काय करतो यात. आणि आपण काय करतो ते बघा.

गेल्या मे महिन्यात तालुक्यातील एका शाळेचे छप्पर बदलण्याचे काम मी स्वतः पाहिले. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही शाळेत याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. वरून दोन पोरे पत्रे हातोडीने मोडून खाली टाकत होती. गंजलेले हुक बोल्ट फिरत नव्हते, म्हणून पत्राच फोडायचा. तोंडाला रुमाल. खाली शाळेची कामवाली बाई कोरड्या केरसुणीने तो पांढरा भुगा लोटत होती आणि अक्षरदासोहाची खोली दहा पावलांवर. जे पत्रे धड उतरले त्यांचा तिथेच तोंडी लिलाव झाला. कोणी गोठ्याला नेले, कोणी न्हाणीघराला. तुकडे उरले ते शाळेच्या वाटेवर चिखल होतो म्हणून खड्ड्यात भरले आणि वरून ट्रॅक्टर फिरवला. आता त्या वाटेवरून पोरे रोज चालतात. मी त्या कंत्राटदाराला हटकले तर तो म्हणाला, "साहेब, एस्टिमेटमध्ये फक्त 'जुना पत्रा उतरविणे' एवढेच आहे." त्याचेही खरेच होते. एस्टिमेट करणाऱ्याला उतरवायचे काय ते माहीत नाही, तर उतरवणाऱ्याला कोठून असणार? २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर शाळा पडल्या तेव्हाही असेच झाले. पडक्या भिंतींच्या मातीबरोबर पत्र्यांचे तुकडे एकाच ढिगात गेले.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे कारखानदार आणि त्यांची वकिली करणारे गेली कित्येक वर्षे एकच वाक्य सांगत आले आहेत: पांढरे ॲस्बेस्टॉस नियंत्रित पद्धतीने वापरले तर सुरक्षित आहे. शास्त्रज्ञ हे मानत नाहीत, जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, पण वादापुरते आपण मानू. नियंत्रित वापर ना? मग नियंत्रण कोणाचे? कारखान्यात निदान इन्स्पेक्टर जातो. शाळेच्या छपरावर करवत घेऊन चढलेल्या सुताराचे नियंत्रण कोण करतो? पंखा लावायला भोक पाडणाऱ्या वायरमनचे? गणेशोत्सवाच्या लायटिंगसाठी सभागृहाच्या पत्र्यात खिळे ठोकणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्याचे? ज्या वस्तूच्या सुरक्षिततेची सगळी भिस्त नियंत्रणावर आहे, ती वस्तू जिथे काडीचे नियंत्रण नाही तिथे विकायची आणि वर नियंत्रणाचा दाखला द्यायचा, याला माझ्या बँकेत वेगळा शब्द आहे. तारण नसताना कर्ज दिले की तो शब्द वापरतात.

कायद्याचेही तसेच आहे. ॲस्बेस्टॉसवरचा आपला कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या याचिकेवर मोठा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे असे सांगितले आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांना हुकूम केला की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यातले जे उशिरा संपेल तोवर जपा. ४० वर्षे का? कारण रोग उगवायला तेवढी लागतात. हे शहाणपण कारखान्यापुरतेच राहिले. शाळेचे छप्पर उतरवणारा मजूर, तो भुगा झाडणारी बाई, यांची नोंद चार दिवसही कोणी ठेवत नाही. २०११ साली सरसकट बंदी मागणारी दुसरी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. २००९ साली आपल्या महाराष्ट्राचे खासदार विजय दर्डा यांनी पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर आणि आयात बंद करण्याचे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते ते त्याचे झाले. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉसचे नाव आहे, पण ते 'ॲस्बेस्टॉसच्या उत्पादनाच्या' रकान्यात. शाळेच्या छपरावरून उतरलेला पत्रा त्या रकान्यात कसा बसवायचा याची शिक्षण खात्याला फिकीर नाही. आणि गंमत बघा: १९८६ पासून केंद्र सरकारने ॲस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणे थांबवले, १९९३ साली जुन्यांचे नूतनीकरणही थांबवले. म्हणजे आपल्या जमिनीतून खणणे धोक्याचे, पण रशिया-कझाकस्तानातून जहाज भरून आणून पोरांच्या डोक्यावर चढवणे चालते.

'क्लेमांसो' आठवते का? फ्रान्सची जुनी विमानवाहू नौका. २००५ च्या ३१ डिसेंबरला ती मोडीत काढण्यासाठी गुजरातमधल्या अलंगकडे निघाली. तिच्यात ॲस्बेस्टॉस भरलेले आहे म्हणून दिल्लीपासून पॅरिसपर्यंत गदारोळ झाला, आणि २००६ च्या फेब्रुवारीत फ्रेंच सरकारला ती परत बोलवावी लागली. शेवटी इंग्लंडमध्ये मोडली. तेव्हा आपण सगळ्यांनी पेपर वाचून म्हटले, परक्यांचा विषारी कचरा आमच्या दारात नको. बरोबर म्हटले. त्या वेळी ज्या छपराखाली बसून तो पेपर वाचला ते कसले होते, हे मात्र कोणी बघितले नाही.

आता "कुणाला काय झालंय?" हा प्रश्न येणारच. तो मला दोन समिती सदस्यांनी आधीच विचारून झाला आहे. मुंबईच्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतील १८१ कामगारांची तपासणी डॉक्टरांनी केली, त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. तपासले म्हणून निघाला. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी घातली, तरी तिथे आजही जुन्या संपर्कामुळे दरवर्षी सुमारे ५,००० माणसे मरतात असे त्यांचे सरकारी खाते सांगते. त्यात कारखान्याचे कामगार आहेत तसे सुतार, प्लंबर, वायरमनही आहेत, म्हणजे दुरुस्तीची माणसे. आपल्याकडे मोजतच नाहीत, म्हणून आकडा शून्य. खात्यावर नोंदच केली नाही तर देणे शिल्लक नाही असे दिसते. त्याने देणे फिटत नाही.

त्याच ब्रिटनमध्ये बंदीनंतर लगेच सगळ्या इमारती फोडल्या का? नाही. तिथल्या बहुसंख्य जुन्या शाळांत ॲस्बेस्टॉस अजून आहे. २००४ पासून त्यांनी एक साधी गोष्ट सक्तीची केली. इमारत ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर जबाबदारी. ॲस्बेस्टॉस कोठे आहे ते शोधायचे, वहीत लिहायचे, त्याची अवस्था ठरावीक मुदतीने तपासायची, आणि दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक माणसाला काम सुरू होण्याआधी ती वही दाखवायची. धड असेल तर हात लावायचा नाही. खराब असेल तर बंदिस्त करायचे किंवा जाणकार माणसांकडून काढून घ्यायचे. यात न परवडण्यासारखे काय आहे? शंभर पानी वही वीस-तीस रुपयांना मिळते.

इतक्या लांब जायचे नसेल तर केरळ बघा. ३१ जानेवारी २००९ रोजी केरळच्या मानवी हक्क आयोगाने हुकूम दिला की सरकारच्या ताब्यातील शाळांवरील ॲस्बेस्टॉसची छपरे टप्प्याटप्प्याने काढून कौले घाला आणि नव्या शाळांना हा पत्रा वापरू नका. केरळात आपल्यापेक्षा पाऊस कमी नाही. मग जे तिथे सुचते ते सुवर्णसौधात अधिवेशन भरवणाऱ्यांना का सुचू नये?

पण माझे भांडण निम्मे सरकारशी आणि निम्मे आपल्याशी आहे. काही जण म्हणतील, सीमाप्रश्न सोडून हे पत्र्यांचे खूळ कोठून काढले? महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला तो २००४ साली. त्या वर्षी पहिलीत गेलेले पोर आज स्वतःचे पोर शाळेत घालायच्या वयाचे झाले. न्याय मिळेल तेव्हा मिळेल, त्यासाठी लढूच. परंतु तोवर त्या शाळा आपल्याच आहेत ना? काळ्या दिनाच्या फेरीत 'मराठी शाळा वाचवा' म्हणायचे आणि त्याच शाळेच्या छपराचा भुगा मराठी बाईने कोरड्या केरसुणीने झाडायचा, हे मला पटत नाही. शिवाय यात भाषेचा मुद्दाही आहेच. पत्र्यावर धोक्याची सूचना कधी असलीच तर ती इंग्रजीत. जो सुतार वर चढतो त्याला ती वाचता येत नाही. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, भिंतीवर, ठळक हवी: "या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय भोक पाडू नये, कापू नये, फोडू नये." एवढा फलक लावायला सरकारी आदेशाची वाट बघायचे कारण नाही. शाळा सुधारणा समित्यांवर आपली माणसे आहेत. खासगी संस्थांच्या शाळा तर आपल्याच आहेत.

आणि कोणी अतिउत्साहाने उद्याच पत्रे काढायला निघणार असेल तर त्याला आधी थांबवा. धड पत्रा घाईने फोडण्याइतके वाईट दुसरे काही नाही. आधी तडे गेलेले, कडा तुटलेले, वर्गावरचे आणि स्वयंपाकखोलीवरचे पत्रे. काम मे महिन्याच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, पाण्यात थोडा साबण घातला तर उत्तम. बोल्ट कापायचे, पत्रा फोडायचा नाही. अख्खा उतरवायचा, ओढायचा नाही. पत्र्यावर थेट पाय देऊ नये, आडव्या फळ्या टाकून त्यावरून जावे, कारण जुना पत्रा पायाखाली मोडून माणूस थेट खाली येतो. तंतूंनी मरायला चाळीस वर्षे लागतात, याला एक क्षण. रुमाल उपयोगाचा नाही, करोनाच्या काळात घरोघरी आलेला एन-९५ सुद्धा ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा नाही, याहून चांगला हवा. खाली कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडकेही कचऱ्यातच टाकायचे. कामाचे कपडे घरी नेऊन बायकोला धुवायला द्यायचे नाहीत. उतरलेला पत्रा जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, नाव लिहून, धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा. त्याचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीने धरायला लावायचा. लिलाव तर मुळीच नाही. शाळेच्या छपरावरचे संकट गरीब माणसाच्या गोठ्यावर ढकलून शाळेच्या खात्यात चारशे रुपये जमा दाखवायचे, हा जमाखर्च मला मान्य नाही.

प्रयोगशाळेतील तिवईवरची ती पांढऱ्या गोलाची जाळी आठवते ना, जिच्यावर आपण सगळ्यांनी चंचुपात्र ठेवले? जुन्या जाळीतला तो पांढरा गोल ॲस्बेस्टॉसचा असायचा. हायस्कुलांनी कपाटे उघडून बघावीत. भुगा पडत असेल तर ती जाळी झटकू नये, पिशवीत बंद करून वेगळी ठेवावी.

आता काम. माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयांना तीनच प्रश्न: आपल्या अखत्यारीतील किती सरकारी शाळांवर व अंगणवाड्यांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, गेल्या पाच वर्षांत त्यांपैकी किती उतरवले आणि ते कोठे गेले, नव्या खोल्यांच्या एस्टिमेटमध्ये हा पत्रा अजून धरला जातो का. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून आणखी प्रश्न घातलेले नाहीत. शुल्क दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. अर्ज मराठीत दिला तर तो घ्यायला कायद्याने ते बांधील नाहीत, तेव्हा भांडणाचे कारण न देता कन्नड व इंग्रजी अशा दोन्ही प्रती केल्या आहेत. मराठी प्रत आपल्या माहितीसाठी सोबत ठेवावी. उत्तराची मुदत तीस दिवस. प्रती मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहानंतर मिळतील. अर्ज देणाऱ्याने पोचपावतीची झेरॉक्स कार्यालयात आणून द्यावी, म्हणजे कोणत्या तालुक्याची तीस दिवसांची मुदत कधी संपते ते मला लिहून ठेवता येईल. मंडळाच्या सभागृहाच्या मागच्या पडवीवरचे अकरा पत्रे मी मोजून आलो आहे. दोघांना तडे आहेत, त्यांची नोंद वहीच्या पहिल्या पानावर केली आहे. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत त्या दोन पत्र्यांचा खर्च मंजुरीला ठेवणार आहे.